व्याह्यांच्या दुहेरी तिकिटाची हकीकत

श्रीकुलस्वामिनी समर्थ. जे पाहिले आणि जे खात्रीच्या तोंडून ऐकिले तेवढेच लिहावे, पदरचे घालू नये, ऐसा नेम करून लेखणी हाती धरली असे. शालिवाहन शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध दशमी, रविवार, ते दिवशी सकाळी राज्याच्या थोरल्या शहरातून नदीपलीकडच्या गावास जाणारा रथ, ज्यास रयत बस म्हणते, स्थानकी उभा होता. त्यात आसने एकोणचाळीस, बसलेले सत्तावीस, पैकी निजलेले चार; खिडक्या चौदा, पैकी उघडणाऱ्या तीन; दारे दोन, पैकी मागले दोरीने बांधलेले; सारथी एक, भाडे घेणारे यंत्र एक, वाहक एकही नाही, कारण वाहकांची नेमणूक राज्याने गेल्या साली बंद केली होती; आणि व्याही दोन. यंत्र एक आणि व्याही दोन, एवढ्यातून पुढील प्रसंग उद्भवला.

त्या दोघांतील पहिले त्रिंबकराव घोलप, कन्येचे पिते. राज्याच्या पाणीखात्यात मीटर तपासण्याची चाकरी करून निवृत्त जाहलेले, स्वभावे चोख, आणि कोठे काटा चुकीचा आकडा दाखवी तर जेवण न जाणारे. दुसरे पर्वतराव ढमढेरे, पुत्राचे पिते, ज्यांचे पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्याचे दुकान होते, आणि जे बोलत कमी व हसत जास्त. त्रिंबकरावांची केतकी आणि पर्वतरावांचा रणधीर यांचे लग्न ठरले होते, सुपारी फुटली होती, आणि नदीपलीकडचे मंगल कार्यालय पाहावे, पसंत पडल्यास विसार द्यावा, ऐशी मसलत करून उभय व्याह्यांची स्वारी एका आसनावर येऊन बसली. आता या राज्याची पूर्वापार रीत ऐसी, की दोन घरची माणसे एका रथात बसली तर तिकीट कोणी काढावे यावरून लढाई व्हावी, आणि लढाईत हात धरावा, खिसा दाबावा, गळ्याची शपथ घालावी, आणि जो हरेल त्याने उतरेपर्यंत चेहरा पाडून बसावे. वाहक होता तोवर न्याय तो करी. ज्याचे पैसे आधी हातात पडले त्याचे घेई आणि दुसऱ्यास म्हणे, "काका, तुम्ही येताना काढा," आणि दोन्ही पक्ष शांत होत. यंत्रास हा न्याय ठाऊक नव्हता. यंत्राची रीत एवढीच, की प्रवासी किती ते बोटाने दाबून सांगावे, गाव निवडावे, कार्ड टेकवावे, की ते एकवार टीक करी आणि माणशी पासष्ट रुपये कार्डातून कापून घेई. मग तेच कोणी दुसऱ्याने पुन्हा सांगितले तर पुन्हा कापून घेई आणि काही बोलत नसे.

तर त्रिंबकरावांनी आसनावर बसता बसताच मनाशी बेत केला की मुलीकडचे आपण, आज आपले कार्ड मागे राहता नये, आणि उठून म्हणाले, "बसा तुम्ही पाहुणं, जरा ड्रायव्हरला विचारून येतो गाडी कधी सुटणार ते." आणि यंत्रापाशी जाऊन पाठ आड करून दोन दाबले, कार्ड टेकवले, आणि परत येऊन म्हणाले, "पाच मिनिटांत सुटतेय म्हणाला." पर्वतराव म्हणाले, "मग मी पाण्याची बाटली घेऊन येतो, तुमचा घसा बसल्यासारखा वाटतोय," आणि खाली उतरले, आणि परत चढताना यंत्रापाशी तितकाच वेळ थांबले, आणि बाटली आणून व्याह्यांच्या हाती दिली. त्रिंबकराव त्या समयी खिडकीबाहेर पाहत आपल्या विजयावर हसत होते, त्यांनी हे पाहिले नाही. मग रथ सुटला, आणि दोघेही वाटभर मनात काही राखून असल्यागत प्रसन्न होते, आणि ऊसतोडीच्या आणि हवेच्या गोष्टी जाहल्या. नदीपलीकडे उतरताना त्रिंबकरावांस राहवले नाही. ते म्हणाले, "तिकिटाचं काढायचं नाही हं पाहुणं आता, ते केव्हाच झालंय." तेव्हा पर्वतराव हसले आणि म्हणाले, "झालंय खरं, पण माझ्याकडनं पण झालंय." मग दोघांनी एकमेकांच्या हातावर टाळी दिली, आणि थांब्यासमोरच्या कार्यालयाचा व्यवस्थापक दारात उभा होता तोही हसला, आणि तो ऐकतो आहे हे पाहून त्रिंबकराव मोठ्याने म्हणाले, "जाऊ द्या हो. लग्नकार्यात असलं काही मोजायचं नसतं."  हे वाक्य त्रिंबकरावांचे, त्यांनी आपणहून उच्चारिले, याची नोंद येथे मुद्दाम केली असे.

मग कार्यालय पाहिले, पसंत पडले. परंतु व्यवस्थापकाने जनरेटरचे वेगळे, साफसफाईचे वेगळे आणि खुर्च्यांच्या झालरींचे वेगळे सांगितले, तेणेकरून आकडा त्रिंबकरावांनी धरला होता त्याच्या पुढे बराच गेला. पर्वतराव म्हणाले, "निम्मं आमच्याकडं धरा." त्रिंबकराव म्हणाले, "छे छे, तुम्ही मुलाकडचे. ते बघू नंतर," आणि विसार दिला, आणि देताना हात किंचित जड जाहला. पर्वतरावांचे त्या गावी एका गिऱ्हाइकाकडे काम होते, ते तिकडे गेले, आणि त्रिंबकराव एकटे घरी परतले, आणि कुटुंब शालनबाई यांस सर्व वृत्तांत सांगितला. दुहेरी तिकिटाची गंमत प्रथम सांगितली तेव्हा हसले. जेवताना पुन्हा सांगितली तेव्हा थोडे हसले. मग हात धुऊन आले आणि म्हणाले, "दोन माणसांचा प्रवास आणि चार माणसांचं भाडं. हे रीडिंग चुकीचं आहे." शालनबाई म्हणाल्या, "मग काय, मीटर बदलून देणार आहात त्यांना?" ते म्हणाले, "परताव्याची सोय आहे खात्याची. अर्ज करता येतो." बाई म्हणाल्या, "पाहुण्यांसमोर जाऊ द्या म्हणालात ना? मग जाऊ द्या की. एकशेतीस रुपये." ते म्हणाले, "मी पाहुण्यांकडं मागतोय का? खात्याकडं मागतोय. यंत्रानं जास्त घेतलं, यंत्रानं परत द्यावं. प्रश्न पैशाचा नाही." आणि बाई भांडी आवरावयास उठल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "ज्याचा त्याचा प्रश्न पैशाचा नसतो." प्रश्न आकड्याचा होता हे अर्धे खरे, झालरींचे पैसे डोक्यात होते हे उरलेले अर्धे.

मग त्रिंबकराव फोन घेऊन खिडकीपाशी बसले आणि रथखात्याच्या पानावर अर्ज उघडला. तेथे विचारले होते की जादा भाडे कोणत्या कारणे गेले, आणि उत्तरे दिली होती: यंत्रदोष, किंवा चुकून, किंवा संमतीवाचून. आग्रहाने गेले, किंवा मानापायी गेले, ऐसे उत्तर तेथे नव्हते. त्यांनी चुकून हे निवडिले. मग दुसऱ्या कार्डधारकाशी नाते विचारले होते, आणि खाली लिहिले होते की कुटुंबीयांनी एकमेकांचे भाडे भरल्यास परतावा मिळणार नाही. नाती दिली होती ती पती, पत्नी, अपत्य, आईवडील, भावंड, इतर नातेवाईक, आणि शेवटी अनोळखी. त्रिंबकरावांचे बोट इतर नातेवाईक यावर गेले आणि थांबले. मग त्यांनी मनाशी निवाडा केला की लग्न अजून व्हावयाचे आहे, ते होईतो कायद्याने नाते जडत नाही, सबब अनोळखी म्हणणे अगदीच खोटे नव्हे. आणि अनोळखी हे दाबिले आणि अर्ज धाडिला. तेव्हा लागलाच उलट निरोप आला की अर्ज पोचला, दुसऱ्या कार्डधारकास कळविण्यात आले आहे, बुधवारी सकाळी उभयतांनी ओळखपत्रासह परताव्याच्या खिडकीशी हजर व्हावे.  त्रिंबकरावांनी तत्काळ खात्यास फोन लाविला आणि म्हणाले, अर्ज मागे घेतो. पलीकडून सांगितले की निरोप गेल्यावर अर्ज मागे घेता येत नाही, बुधवारीच या. कन्या केतकी दाराशी उभी होती, तिने बापाचा चेहरा पाहिला आणि फोन घेऊन वाचिला. मग म्हणाली, "बाबा, मला त्या घरात राहायचंय." आणि फोन जेथून घेतला तेथे ठेवून आत गेली.

सोमवारी सकाळी पर्वतरावांचा फोन आला. त्रिंबकरावांनी तो तिसऱ्यांदा वाजल्यावर उचलिला. पर्वतराव म्हणाले, "पाहुणं, एक भानगड आहे. त्या बसच्या तिकिटाचे पैसे परत मागायला कुणा अनोळखी माणसानं अर्ज केलाय बघा. मेसेजात तसंच आलंय, सहप्रवासी, अनोळखी. हे सगळं फसवाफसवीचं काम असतंय. परवा आमच्या गल्लीत एकाचं खातं धुतलं. तुम्ही कार्डाला हात लावू नका, कुणाला नंबर सांगू नका. मी येतो बुधवारी, समोरासमोर बघू भामट्याला." येथे सांगावयास जागा होती. वाक्य सोपे होते, शब्द चार होते. त्रिंबकराव म्हणाले, "हो, हो. बघू या." आणि फोन ठेविला, आणि त्या दिवशी अन्न गोड लागले नाही, आणि दुसऱ्या दिवशीही नाही.

बुधवारी उभयता परताव्याच्या खिडकीशी भेटले. पर्वतराव इस्त्रीचे कपडे घालून आले होते, काखेत कापडी पिशवी, तीत ओळखपत्र आणि लग्नपत्रिकेचा छापखान्यातून आलेला नमुना, जो त्यांस व्याह्यांना दाखवावयाचा होता. रांगेत उभे राहून ते माणसे निरखू लागले आणि हळूच म्हणाले, "तो चष्मेवाला असंल. आपल्याकडं बघतोय सारखा." त्रिंबकराव म्हणाले, "पाहुणं, जरा बाजूला या, एक सांगायचंय." पर्वतराव म्हणाले, "आधी हे होऊ द्या, रांग जाईल." तितक्यात क्रमांक पुकारला. खिडकीआड कारकून होत्या त्यांचे नाव रेश्मा मुजावर, ते काचेवरच्या पाटीवर लिहिले होते. त्यांनी विचारिले, "त्रिंबक घोलप कोण?" त्रिंबकराव म्हणाले, "मी." त्या म्हणाल्या, "अर्ज तुमचा." तेव्हा पर्वतराव पुढे सरसावले आणि म्हणाले, "नाही मॅडम, अर्ज यांचा नाही. यांच्या नावावर कुणीतरी घुसलंय. हा माणूस असल्या पैशाच्या मागं लागणारा नाही, मला माहितेय ना. माझ्यासमोर म्हणाले, जाऊ द्या म्हणून." बाईंनी पडद्यावर पाहिले आणि म्हणाल्या, "ओटीपी यांच्याच नंबरवर गेलाय काका, आणि यांनीच टाकलाय. नंतर अर्ज मागे घेतो म्हणून फोनही यांचाच आलाय." मग त्यांनी रीतीप्रमाणे अर्ज वाचून दाखविला, की कारण, चुकून, दुसऱ्या कार्डधारकाशी नाते, अनोळखी, आणि मान वर करून विचारिले, "हे का ते अनोळखी?"

त्या काचेस बोलण्यासाठी एक गोल भोक होते. त्रिंबकराव त्या भोकाकडे पाहत होते आणि त्यांच्याने दुसरीकडे पाहवेना. पर्वतरावांनी त्यांच्याकडे एकदाच पाहिले, तारीख पाहावी इतकाच वेळ. मग काखेतली पिशवी, तिच्या तोंडातून पत्रिकेचा लाल कोपरा आणि दोन्ही घराण्यांची नावे दिसत होती, ती त्यांनी उलटी करून अंगाशी धरली, आणि म्हणाले, "बरोबर लिहिलंय मॅडम. त्या दिवशी आमची तशी काही ओळख नव्हती." बाई म्हणाल्या, "आणि आत्ता यांच्या स्वभावाची खात्री देत होता ते?" पर्वतराव म्हणाले, "रांगेत झाली थोडी." बाईंनी पुढले पान उघडिले आणि म्हणाल्या, "पहिलं तिकीट दहा चारला, घोलप काकांचं. दुसरं दहा सातला, तुमचं. म्हणजे पहिलं कायम राहील आणि जादा ठरलं ते तुमचं. पैसे तुमच्या कार्डावर येतील. फक्त एवढं सांगा, यांनी आधीच दोघांचं काढलंय हे तुम्हाला माहीत नव्हतं ना?" येथे पर्वतरावांनी नव्हते म्हटले असते तर एकशेतीस रुपये मिळते, आणि कोणाचे काही बिघडते ना. ते म्हणाले, "माहीत होतं. जागेवरनं दिसत होतं की." बाई म्हणाल्या, "दिसलं तरी परत काढलंत? दोघांचं?" ते म्हणाले, "काढलं." बाई म्हणाल्या, "अनोळखी माणसाचं?" ते म्हणाले, "हो. आमच्या घरची तशी पद्धत आहे." रांगेतून कोणीसे हसले. बाई मात्र हसल्या नाहीत, त्यांनी दोघांकडे पाहिले, मग कळफलकावर काही लिहिले आणि म्हणाल्या, "जाणूनबुजून भरलं असेल तर नाही मिळत काका." पर्वतराव म्हणाले, "नको." आणि बाजूला होऊन मागल्या माणसास वाट दिली.

त्याच दिवशी दुपारी कार्यालयाची राहिलेली रक्कम द्यावयास नदीपलीकडे जाणे आधीच ठरले होते, सबब उभयता तेथून थांब्यावर आले आणि बाकावर बसले. त्रिंबकराव म्हणाले, "पाहुणं, मी." आणि ओळखपत्र खिशात नीट बसवू लागले. पर्वतराव म्हणाले, "डिसेंबर लागला तरी ऊन बघा काय चटकतंय."  मग ते आपणच बोलू लागले, रस्त्याकडे पाहत, की "माझ्या थोरलीच्या लग्नात तिच्या सासऱ्यानं स्टँडापासनं रिक्षाचे पैसेसुद्धा मला द्यायला लावले. चहा प्यायचा आणि माझ्याकडं बघायचं. अख्ख्या लग्नात त्यानं खिशात हात घातलेला मी बघितला नाही. तेव्हाच मी बायकोला म्हणालो, रणधीरच्या वेळी मुलीच्या बापाला एकट्याला खिशात हात घालू द्यायचा नाही. तुम्ही काढलं, म्हणून मी काढलं. तुमचं परत कसं करायचं? हात धरून पैसे कोंबले तर तुम्हाला वाईट वाटणार. म्हटलं, आपणही तेवढंच भरावं, फिटंफाट. चुकलं माझं. उतरल्यावर सांगायला हवं होतं, मग तुम्हाला हा हेलपाटा पडला नसता." त्रिंबकरावांनी मान हलविली. ती कशाबद्दल हलविली हे त्यांसही सांगता आले नसते. पर्वतरावांनी पिशवीतून पत्रिकेचा नमुना काढिला आणि त्यांच्या मांडीवर ठेविला आणि म्हणाले, "चष्मा लावून नीट बघा. तुमच्या गावाचं नाव बरोबर पडलंय का?" त्रिंबकरावांनी पाहिले. नाव बरोबर होते. त्यांनी पत्रिका बराच वेळ हाती धरली, कारण ती हाती असेतो खाली पाहता येत होते.

मग रथ आला. त्रिंबकराव पुढे चढले आणि यंत्रासमोर उभे राहिले, आणि कार्ड काढिले, आणि गाव निवडिले, आणि बोट दोन या अंकावर नेले. तेथे बोट थांबले. दोन दाबावे तर हे आता कोणत्या तोंडाने दाबावे, आणि मागे उभा असलेला माणूस त्यास काय समजेल. माफी समजेल, की भरपाई, की पुन्हा तेच नाटक. यंत्र वाट पाहून एकदा वाजले. सारथी आरशातून म्हणाला, "काका, किती? मागं लोक खोळंबलेत." त्रिंबकरावांनी बोट डावीकडे नेऊन दाबिले, कार्ड टेकविले, आणि मान वर न करता आसनाकडे गेले. मागून पर्वतराव यंत्रासमोर आले. पडद्यावर आधीच्या तिकिटाचा आकडा अजून दिसत होता, तो त्यांनी वाचिला. त्यांचे बोट सवयीने दोनकडे गेले, आणि त्यांनी व्याह्यांच्या वाकलेल्या मानेकडे पाहिले. मग कार्ड टेकवून येऊन शेजारी बसले, आणि खिडकीकडची जागा व्याह्यांस देऊ केली, आणि त्यांनी ती घेतली.

जे जैसे घडले ते तैसे उतरविले, अधिक उणे केले नाही. लग्न माघमासी ठरल्या मुहूर्तावर जाहले, खर्च उभय घरांत निम्मा निम्मा पडला, आणि अनोळखी हा शब्द पर्वतरावांनी घरी कोणास सांगितला नाही. परताव्याचा अर्ज नामंजूर, मिळालेली रक्कम शून्य. बुधवारी दुपारच्या रथातील यंत्राची नोंद ऐसी: पहिले कार्ड, प्रवासी एक, पासष्ट रुपये; दुसरे कार्ड, प्रवासी एक, पासष्ट रुपये.